पोरांना सुधारकांची भांडणं वाचू द्या

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठा वाद पेटला. कारण एवढंच की नववीच्या मराठीच्या बाईंनी मुक्ता साळवेच्या निबंधाच्या, म्हणजे एका मांग समाजातल्या शाळकरी मुलीनं १८५५ साली जातीच्या जाचावर लिहिलेल्या निबंधाच्या, झेरॉक्स वर्गात वाटल्या आणि घरून वाचून या म्हणून सांगितलं. एका पोराच्या वडिलांनी दप्तरातला तो कागद बघितला, फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की मुलांच्या डोक्यात आत्तापासून जात कशाला घालताय. मग काय, दोन दिवस ग्रुप शांत नव्हता. एका बाजूचं म्हणणं, शाळेत राजकारण नको, पोरांना पोरं राहू द्या, बोर्डाचं वर्ष तोंडावर आलंय. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तुम्हाला इतिहास झोंबतोय, हे सगळं सक्तीचंच केलं पाहिजे, परीक्षेला आणा म्हणजे मुकाट वाचतील. कुणी कुणाची आडनावं काढली, कुणी ग्रुप सोडला. मैत्रिणीनं मला तो सगळा वाद दाखवला, मी वरपासून खालपर्यंत वाचला, आणि त्यात निबंधातलं एक वाक्यसुद्धा कुणी टाकलेलं नव्हतं. वीस मिनिटांत वाचून होणारा मजकूर, त्यावर दोन दिवस भांडण, आणि तो वाचलाय असं कुणाच्याच बोलण्यावरून दिसेना. तिसऱ्या दिवशी बाईंनी झेरॉक्स परत गोळा केल्या.

मला ह्या वादातल्या दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, आणि माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकते. तेरा ते सोळा वयाच्या पोरांना समाज कसा बदलतो हे शिकवायचं असेल तर त्यांच्या हातात अस्सल मजकूर पडला पाहिजे, म्हणजे त्या त्या काळात माणसांनी रागानं, भीतीनं, हट्टानं लिहिलेले निबंध, पत्रं, अग्रलेख, आठवणी, ठराव, कोर्टाचे निकाल, आणि ते सुधारणेच्या बाजूचे पण पाहिजेत, विरोधातले पण पाहिजेत. थोरामोठ्यांची चरित्रं सांगून हे काम होत नाही. जयंतीच्या भाषणांनी तर उलट नुकसान होतं असं माझं मत आहे. तीन जानेवारीला आणि चौदा एप्रिलला पोरं माइकसमोर उभी राहून ज्ञानज्योती, क्रांतिसूर्य, महामानव असे शब्द धडाधड म्हणतात, टाळ्या पडतात, आणि खाली उतरल्यावर विचारलं की बाळा, सावित्रीबाईंवर शेण फेकणाऱ्यांचं म्हणणं तरी काय होतं, ते का चिडले होते, तर पोरगं गोंधळतं. ते वाईट लोक होते, एवढंच त्याला माहीत असतं. आणि तेवढंच माहीत असलं की पोरगं निवांत होतं, कारण आपण आणि आपल्या घरचे काही वाईट नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मी दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात आठवी-नववीच्या दहा-बारा पोरापोरींबरोबर बसते. तिथं आम्ही मुक्ताचा निबंध वाचला. १८५५ सालचा, मिशनऱ्यांच्या ज्ञानोदय नियतकालिकात छापून आलेला, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातल्या मुलीनं लिहिलेला, तेव्हा तिचं वय साधारण चौदा. त्यात एक जागा अशी आहे की ती लिहिते, ब्राह्मणांची पोरं आमच्या पोरांना दगड मारतात, रक्त निघेपर्यंत मारतात, पण आमची पोरं तक्रार करत नाहीत, कारण उष्टं अन्न मागायला त्यांच्याच दारात जावं लागतं. एक मुलगा वाचत होता, वाचता वाचता थांबला, मागे गेला आणि तेच वाक्य परत वाचलं. मग म्हणाला, ताई, म्हणजे दुपारी दगड खायचा आणि संध्याकाळी त्याच घरी जायचं? मी म्हटलं हो. तो म्हणाला, ही कितवीत होती? मी म्हटलं तुझ्याएवढीच की रे. पुढची पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही, पण कुणी रडलंही नाही. त्यांना दया आली असं मला वाटलं नाही, त्यांना हिशेब कळला होता, गरज माणसाचं तोंड कसं बंद करते हा हिशेब, आणि तो त्यांना एका त्यांच्याच वयाच्या पोरीनं समजावून सांगितला होता. हे काम माझ्या भाषणानं झालं असतं का?

आता विरोध करणाऱ्यांच्या म्हणण्यात जे खरंच वजनदार आहे त्याकडे येते, कारण ग्रुपवर त्यांना नुसतं झोडपलं गेलं आणि ते बरोबर नव्हतं. सगळ्यात मोठा मुद्दा त्यांच्यातल्या एका आईनं मांडला होता आणि तो गोंधळात वाहून गेला. तिनं लिहिलं होतं की वर्गात जातीचा विषय निघाला की सगळा वर्ग वळून ज्या एका-दोन पोरांकडे बघतो त्यांचं काय? हा प्रश्न मला फार लागला. असं होतं, मी बघितलंय. शिक्षक चांगल्या मनानं विचारतो की तुझा अनुभव सांग, आणि त्या पोराला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होतं. चौदाव्या वर्षी वर्गात वेगळं पडण्याइतकं दुसरं दुःख नसतं. तेव्हा ही भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पण गप्प बसून त्या पोराचं संरक्षण होतं का? शाळेच्या दाखल्यावर त्याची जात लिहिलेली आहे, स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी त्याला वर्गातून नाव पुकारून ऑफिसात बोलावलं जातं, मधल्या सुट्टीत आडनावावरून काय चालतं ते त्याला पाठ आहे. त्याला हे माहीत नाही असं समजणारे आपणच. गप्प राहून फक्त बाकीच्या पस्तीस पोरांचं अज्ञान सांभाळलं जातं, आणि त्याची किंमत तो एकटा भरत राहतो. मजकूर असेल तर उलट सोय होते, कारण बोलायला मुक्ता असते, त्याला स्वतःला काही सांगावं लागत नाही. आमच्याकडे नियमच आहे, कुणी कुणाला तुझ्या घरचं सांग म्हणून विचारायचं नाही, कागदावर काय लिहिलंय त्यावरच बोलायचं.

आणि दुसरं म्हणजे सुरुवात कुठून करायची ह्याचं भान पाहिजे. मी मुक्तापासून सुरुवात करत नाही, हेरवाडपासून करते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे, तिथल्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं ह्या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव म्हणजे काही साहित्य नव्हे, सरकारी भाषेतला कोरडा कागद, सूचक कोण, अनुमोदक कोण, पण तो वाचताना वर्गातलं प्रत्येक पोरगं स्वतःच्या घरात पोचतं, मग ते कुठल्याही जातीचं असो, कारण प्रत्येकाच्या घरी एखादी आजी, आत्या, काकू असतेच जी हळदीकुंकवाला आतल्या खोलीत बसते. एका पोरीनं विचारलं, ठराव झाला म्हणजे बायका लगेच कुंकू लावायला लागल्या का? किती बरोबर प्रश्न आहे हा. तिला कुणी सांगितलं नव्हतं की कायदा वेगळा आणि रिवाज वेगळा, तिला ते त्या कागदातच दिसलं. एकदा प्रत्येकाच्या घरातलं काहीतरी टेबलावर आलं की मग मुक्ताचा निबंध आला तरी पोरं वळून एकाकडेच बघत नाहीत, त्यांना कळलेलं असतं की ह्यात आपणही कुठेतरी आहोत, कधी सोसणाऱ्यांत, कधी सोसायला लावणाऱ्यांत.

दुसरा आक्षेप ब्रेनवॉशिंगचा. शिक्षकाला जे वाटतं तेच तो पोरांच्या गळी उतरवणार, मजकूर निवडणार तोच, समजावणार तोच. हेही मला मान्य आहे, मजकूर निवडण्यात लबाडी करता येते, आणि आपल्याकडे अभ्यासक्रमात एखादा श्लोक आला की किंवा एखादा धडा गेला की त्यावर जे रण माजतं ते काही उगाच नाही. पण ह्याला औषध काय? कमी मजकूर की जास्त मजकूर? मी १८९१ चा संमतिवयाचा वाद वाचायला देते, म्हणजे मुलीशी, मग ती लग्नाची बायको का असेना, शरीरसंबंध ठेवायला कायद्यानं तिचं वय कमीत कमी किती असावं ह्याचा वाद, कारण तो असा वाद आहे की दोन्ही बाजूंना खूप मोठी माणसं आहेत. आगरकर आणि टिळक, दोघांनी मिळून शाळा काढली, केसरी सुरू झाला तेव्हा आगरकर संपादक, कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर होते. आणि तेच दोघं सामाजिक सुधारणेवरून असे फाटले की आगरकरांनी केसरी सोडून १८८८ मध्ये सुधारक हे स्वतःचं पत्र काढलं. पोरांना मैत्री तुटणं म्हणजे काय हे आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्यामुळे ती इथं कान टवकारून ऐकतात. त्याच्या आधीची रखमाबाईची केस आहे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुंबईची मुलगी, मोठी झाल्यावर म्हणते मी ह्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, नवरा १८८४ मध्ये कोर्टात जातो, ती टाइम्स ऑफ इंडियाला एक हिंदू स्त्री अशा सहीनं पत्रं लिहिते, कोर्ट आधी तिच्या बाजूनं निकाल देतं, मग १८८७ मध्ये सांगतं की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि ती म्हणते तुरुंग चालेल. शेवटी नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, ती विलायतेला गेली, डॉक्टर होऊन परत आली.

आता इथं केसरीचं, म्हणजे टिळकांचं, म्हणणं पोरांना वाचायला द्यायचं की नाही? मी म्हणते द्यायचंच, आणि पूर्ण ताकदीनं द्यायचं. परक्या सरकारला आमच्या घरात कायदा करायचा अधिकार काय, सुधारणा समाजाच्या आतून आली पाहिजे, लोकांना शिकवा, वरून लादू नका. टिळकांनी सुधारकांपुढे उलट प्रस्ताव ठेवला होता की मुलीचं लग्न सोळाच्या आत करणार नाही अशी प्रतिज्ञा तुम्ही आधी स्वतः करा. आमच्याकडे वाचताना एक मुलगा अगदी कचरत म्हणाला, ताई, मला टिळकांचं पण बरोबर वाटतंय. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. कारण ज्याला विरोधकाचं बरोबर वाटू शकतं त्याच्यावर कुणी काही लादलेलं नसतं. मग आम्ही पुढचा प्रश्न काढला, कायदा नेमकं काय म्हणत होता? तर संमतीचं वय दहावरून बारा करा. दहावरून बारा! वर्गातल्या मुली बाराच्या पुढच्या. एक जण म्हणाली, समाज आतून बदलेपर्यंत थांबायचं कुणी, त्या दहा वर्षांच्या पोरीनंच ना? हे मी तिच्या तोंडात घातलेलं नाही, आणि ज्यांना ब्रेनवॉशिंगची भीती वाटते त्यांनी माझ्या शेजारी बसून बघावं की दोन्ही बाजूंचे कागद समोर असले की शिक्षकाला फार बोलावंच लागत नाही. भीती खरी कुठे बाळगावी तर जिथं एकच बाजू, तीही विशेषणं लावून, पाठ करून घेतात तिथं.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवणारं जे वाटतं ते महाडचं प्रकरण, आणि त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. कुठल्याही पोराला विचारा, चवदार तळ्याचा सत्याग्रह म्हणजे काय. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला तळ्याचं पाणी पिऊन ते सगळ्यांसाठी खुलं केलं, एवढं एक वाक्य येतं. म्हणजे पोरांच्या डोक्यात असं चित्र की एक थोर माणूस आला, ओंजळ भरली, बदल झाला. आता कागद लावून बघा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले ह्यांच्या ठरावानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. झालं ना मग? नाही झालं, पुढची तीन वर्षं त्या तळ्यावर कुणी अस्पृश्य माणूस पाणी भरायला जाऊ शकला नाही, ठराव दप्तरात आणि तळं होतं तसंच. मग १९२७ ची परिषद, लोक रांगेनं गेले, पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, आणि त्या अफवेवर परिषदेच्या मंडपात जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. मग १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध करून घेतलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये परत सत्याग्रह ठरला, हजारो माणसं जेलात जायच्या तयारीनं आली, आणि कोर्टाचा मनाई हुकूम आला. बाबासाहेबांनी तो मानला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, नंतर तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पण पाण्याला हात लावला नाही. पुढे दहा वर्षं खटला, आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल.

आमच्या पोरांनी ह्या तारखा कार्डशीटवर लिहून वाचनालयाच्या भिंतीवर ओळीनं लावल्या. एकानं १९३७ मधून १९२३ वजा केले आणि म्हणाला, चौदा वर्षं, म्हणजे माझं अख्खं वय की. आणि त्या निकालात आहे काय? पोरांना वाटलं होतं कोर्टानं सांगितलं असेल की अस्पृश्यता चूक आहे. कोर्टानं तसं काही सांगितलेलं नाही. अस्पृश्यांना पाणी भरू न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे फिर्यादींना, म्हणजे तळं बंद ठेवू पाहणाऱ्या सवर्णांना, सिद्ध करता आलं नाही, असा तो निकाल. म्हणजे चौदा वर्षं माणसं मार खात होती आणि शेवटी जिंकली ती वहिवाट पुरेशी जुनी ठरली नाही म्हणून! एक मुलगी चिडली, म्हणाली हे काय जिंकणं झालं. दुसरी म्हणाली, पाणी तर मिळालं ना. त्या दोघींचा वाद अर्धा तास चालला. डिसेंबरला बाबासाहेब थांबले ते बरोबर की चूक ह्यावर तर पुढचा शनिवार गेला. मी विचारते, हा वाद जयंतीच्या भाषणातून कधी निघाला असता का? पुतळ्यात माणूस कधी माघार घेताना दिसत नाही, बोट पुढेच असतं. पण समाज बदलण्याचं निम्मं शिक्षण तर माघारीत आहे, ठराव झाल्यावर तीन वर्षं काहीच न होण्यात आहे, अफवेवर लाठ्या पडण्यात आहे. ज्या पोरांच्या हातात दिवसाला पन्नास फॉरवर्ड येतात त्यांना ती वीरेश्वराच्या देवळाची अफवा जितकी कळते तितकी आपल्याला पण कळत नसेल.

तिसरा मुद्दा वाचनप्रेमी लोक काढतात, आणि ती माझी स्वतःची माणसं आहेत. ते म्हणतात अहो, ठराव आणि निकाल कसले देताय, गोष्ट द्या, कादंबरी द्या, माणसाचं दुःख गोष्टीतून जितकं पोचतं तितकं कागदपत्रांतून नाही पोचत. हे खरंच आहे, गोष्टीचं काम गोष्टच करते, आणि मी कुणाच्या हातातून कादंबरी काढून घ्या म्हणत नाहीये. पण गोष्टीला एक सवलत असते, तिला कुणी विचारत नाही की हे खरं कशावरून. अस्सल मजकुराला तो प्रश्न विचारता येतो, विचारावाच लागतो. मुक्ताच्या निबंधातच एक भयंकर जागा आहे, बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. एका मुलीनं विचारलं, ताई, हे खरंय? मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. आम्ही साल काढलं. पेशवाई बुडाली १८१८ ला, निबंध १८५५ चा, मुक्ता चौदाची, म्हणजे हे तिनं बघितलेलं असणं शक्य नाही, तिनं घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलं असणार. आणि दगड मारणारी पोरं? ते तिच्या काळातलं, तिच्या डोळ्यासमोरचं. बाळंतपणात बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं असं ती लिहिते ते? तेही तिला दिसणारंच. मग पोरांनी पेन्सिलीनं खुणा केल्या, इथं बघितलेलं, इथं ऐकलेलं. आणि मग प्रश्न आला की ऐकलेलं असलं म्हणून ते टाकून द्यायचं का, ज्यांना लिहायलाच येऊ दिलं नाही त्यांच्याकडे ऐकीव आठवणीशिवाय दुसरा पुरावा असणार कुठून? नववीच्या पोरांनी साक्ष आणि पुरावा ह्यातला फरक असा हाताळला की मी बघत राहिले. ही सवय लागली तर उद्या कुठलाही मेसेज आला की पोरगं आधी विचारेल, हे सांगणाऱ्यानं बघितलंय की ऐकलंय.

बाकीचे आक्षेप भराभर घेते. भाषा जुनी आहे, कळत नाही. बरोबर, नाही कळत पहिल्या वाचनात. पण आपण त्याच पोरांना ज्ञानेश्वरीतल्या ओव्या देतोच ना, आणि त्या समजावून सांगतोच ना? जुनं गद्य मोठ्यानं वाचलं, दिवसाला एक परिच्छेद घेतला, की दोन आठवड्यांत कान तयार होतो. ताराबाई शिंदेंनी १८८२ साली बुलढाण्यात बसून स्त्री-पुरुष तुलना ह्या पुस्तकात पुरुषांना जे फैलावर घेतलंय, ते मोठ्यानं वाचलं की भाषा जुनी आहे हे पोरी विसरूनच जातात, कारण तो राग, ते एकामागून एक सवाल, सगळं बोलल्यासारखं आहे. मजकूर जड असतो, हिंसा असते, हेही बरोबर, आणि इथं मोठ्यांनी कष्ट घ्यायचे असतात. एकदा मी घाईत निवडलेला आत्मचरित्रातला उतारा ऐकताना एक मुलगी उठून बाहेर गेली ती परत आली नाही, मी नंतर तिच्या घरी जाऊन बसले. तेव्हापासून कुठलाही कागद मी आधी स्वतः दोनदा मोठ्यानं वाचते, आणि न ऐकता उठून जायची मोकळीक सगळ्यांना असते. वेळ नाही म्हणणाऱ्यांना एवढंच, आठवड्याला एक तास.

पण जे म्हणतात की हे सक्तीचं करा, परीक्षेला आणा, त्यांच्याशी माझं भांडण जरा जास्त आहे, कारण ते माझ्याच बाजूचे आहेत असं त्यांना वाटतं. परीक्षेला आणलं की काय होतं हे आपल्याला माहीत नाही का? गाइड येतं. मुक्ता साळवे हिने कोणत्या समस्या मांडल्या ते थोडक्यात लिहा, गुण चार. उत्तर ठरलेलं, मुद्दे ठरलेले, अस्पृश्यता, दारिद्र्य, शिक्षणाचा अभाव, संपलं. दगडाचं आणि उष्ट्या अन्नाचं ते वाक्य कुणी परत वाचणार नाही, कारण त्याला मार्क नाहीत. टिळकांचं पण बरोबर वाटतंय असं म्हणायला कुणी धजावणार नाही, कारण मॉडेल आन्सरमध्ये ते नाही. सक्तीनं आपण ते लिखाण पुन्हा पुतळा करून ठेवू. मला शाळांकडून फक्त एवढं पाहिजे की ज्या शिक्षकाला वाचून दाखवायचंय त्याच्या पाठीशी मुख्याध्यापकांनी उभं राहावं, वाचनालयात ह्या मजकुराच्या चांगल्या टायपातल्या प्रती असाव्यात, आणि पालकांना आक्षेप असेल तर आधी तो कागद शाळेत येऊन, शिक्षकासमोर बसून, पूर्ण वाचावा. त्या बाईंनी झेरॉक्स गोळा केल्या तेव्हा शाळेतलं एकही माणूस त्यांच्या बाजूनं बोललं नाही, हे मला त्या वडिलांच्या मेसेजपेक्षा जास्त लागलं.

हेरवाडचा ठराव वाचलेली ती मुलगी, बायका लगेच कुंकू लावायला लागल्या का असं विचारणारी, ती जवळच्याच खेड्यातून येते. तिनं पुढच्या शनिवारी विचारलं की आपल्या गावात असा ठराव झालाय का ते कुठे कळेल. मी म्हटलं ग्रामपंचायतीत अर्ज दे. तिनं वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या, तीनदा खोडल्या, विषय कुठे लिहायचा, महोदय लिहायचं की साहेब, आपला विश्वासू की आपली विश्वासू, ह्यावर सगळ्या वर्गानं मिळून डोकं चालवलं. पहिल्यांदा गेली तेव्हा शिपायानं पोरीचं काय काम इथं म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा ग्रामसेवक भाऊसाहेब भेटले, ते म्हणाले मोठ्या माणसाची सही आण. तिनं वडिलांना विचारलं तर ते म्हणाले बघू नंतर. मग तिनं आजीची सही घेतली. आजीला नवरा जाऊन एकवीस वर्षं झालीत, ह्या वयात आता कसल्या बांगड्या असं तिनं नातीला आधीच सांगून टाकलेलं होतं, पण सही मात्र चष्मा लावून केली, नाव आणि आडनाव पूर्ण. अर्जाच्या झेरॉक्सवर ग्रामपंचायतीचा शिक्का आणि आवक नंबर आहे, तो कागद ती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणते. उत्तर अजून आलेलं नाही. गेल्या शनिवारी तिनं विचारलं, ताई, उत्तर किती दिवसांत द्यावं लागतं असा काही नियम असतो का? येत्या शनिवारी आम्ही २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा घेऊन बसणार आहोत, कलम सहा आणि सात.